गुणपत्रिकेबाहेरचे मानकरी

वैद्यकीय महाविद्यालयात पदक कोणाला द्यायचे हे ठरवणे फार काळ सोपे होते. शरीररचनाशास्त्रात पहिला आला त्याला एक, औषधशास्त्रात पहिला आला त्याला दुसरे, शस्त्रक्रियेला तिसरे. निकालाचा कागद भिंतीवर चिकटला की मानकरीही ठरून गेलेले असत. व्हायवाच्या आदल्या रात्री हातपाय गार पडलेल्या रूममेटकडून पहाटे तीनपर्यंत क्रेनियल नर्व्हज घोकून घेणारा, वर्गातली एखादी मुलगी चार दिवस मेसमध्ये दिसली नाही म्हणून तिच्या खोलीचे दार ठोठावणारी, आजारी पडलेल्याची जर्नले पुरी करून देणारा, ही माणसे प्रत्येक बॅचला असत. त्यांची नावे बॅचला तोंडपाठ असत. निकालाच्या कागदावर मात्र त्यांच्यासाठी जागा नव्हती. अशा विद्यार्थ्याला नाव घेऊन पुढे बोलावायचे आणि सर्वांदेखत त्याचा मान करायचा, ही प्रथा जेमतेम शंभर-सव्वाशे वर्षांची आहे. ती घडली मुख्यतः अमेरिकेत, आणि घडताना एकदा चांगलीच भरकटलीही.

विद्यार्थ्यांनी एकमेकांना धरून राहणे त्याहून जुने आहे. १७३४ साली एडिंबरामध्ये शिकणाऱ्या मोजक्या मुलांना विच्छेदनासाठी एक देह मिळाला. त्या कामात जुळलेली मैत्री तिथेच न सोडता नियमित भेटायचे आणि आळीपाळीने निबंध वाचायचे असे त्यांनी ठरवले. १७३७ मध्ये त्या बैठकांची रीतसर संस्था झाली आणि १७७८ मध्ये तिला राजाची सनद मिळाली. रॉयल मेडिकल सोसायटी या नावाने ती आजही विद्यार्थीच चालवतात. पण तो अभ्यासाचा सोबतीपणा होता. कोण कोणाच्या अडचणीला धावून गेला हे टिपून ठेवण्याचा विचार तिथे कोणाच्या मनात आला नव्हता.

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत तर सोबतीपणापेक्षा दांडगाईच जास्त होती. बहुतेक वैद्यकीय शाळा प्राध्यापकांच्या मालकीच्या. विद्यार्थ्यांच्या फीवर त्यांचा संसार चालायचा, त्यामुळे फी भरणाऱ्याला सहसा कोणी नाही म्हणत नसे. व्याख्यानगृहे पायऱ्यापायऱ्यांची, सर्कशीच्या गॅलरीसारखी उंच चढत गेलेली. व्याख्याता यायच्या आधी खालच्या रांगेतल्या एखाद्या बापड्याला उचलायचे आणि डोक्यांवरून, हातोहात, सर्वांत वरच्या रांगेपर्यंत ढकलत न्यायचे हा तिथला नित्याचा खेळ होता. कपडे फाटत, क्वचित हाडेही मोडत. त्या काळी हे खिलाडू वृत्तीत जमा होत असे.

६ नोव्हेंबर १८६९ रोजी फिलाडेल्फियातल्या पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलमध्ये जे घडले ते मात्र खेळात बसणारे नव्हते. वूमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियाच्या तीसेक विद्यार्थिनी त्या शनिवारी पहिल्यांदा रुग्णालयातल्या क्लिनिकला हजर राहिल्या. शेकडो पुरुष विद्यार्थी आधीच बसलेले होते. त्यांनी पाय आपटले, शिट्ट्या मारल्या, कागदाचे बोळे फेकले, तंबाखूच्या पिचकाऱ्या मुलींच्या कपड्यांवर सोडल्या. मुली एकत्र बसून राहिल्या आणि क्लिनिक संपल्यावर एकत्रच बाहेर पडल्या. कॉलेजच्या डीन डॉ. अ‍ॅन प्रेस्टन यांनी माघार घेतली नाही. मुली पुढेही क्लिनिकला जात राहिल्या.

मराठी वाचकाला हे कॉलेज दुसऱ्या एका नावामुळे ठाऊक असते. १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी इथेच दाखल झाल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी इथूनच डॉक्टर होऊन बाहेर पडल्या. १८८५ च्या ऑक्टोबरमधले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात साडीतल्या आनंदीबाई, किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली बसलेल्या आहेत. घरापासून हजारो मैल दूर, परक्या हवेत, परक्या अन्नावर एकाच वेळी एका छताखाली शिकणाऱ्या या तिघींनी एकमेकींना किती सावरले असेल हे त्या काळच्या कोणत्याही बक्षीस-यादीत सापडायचे नाही. सोळा वर्षांपूर्वी क्लिनिकमध्ये खांद्याला खांदा लावून बसलेल्या त्या तीसेक जणींचेही तेच. त्यांच्या धैर्याची नोंद इतिहासाने घेतली, कॉलेजच्या बक्षिसांनी नाही.

व्याख्यानगृहातल्या दांडगाईचा वीट येऊन काहीतरी करायला निघालेला माणूस १९०२ मध्ये शिकागोत होता. विल्यम वेब्स्टर रूट हा तिथल्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सचा विद्यार्थी. आधी कॉर्नेल विद्यापीठाची पदवी घेऊन आलेला, वर्गातल्या पोरांपेक्षा वयाने मोठा. डॉक्टर व्हायला आलेली मंडळी गॅलरीत धुडगूस घालतात आणि अभ्यास मनापासून करणाऱ्यालाच हसतात, हे त्याला सोसेना. त्याने प्राचार्यांकडे तक्रार नेली नाही. वर्गातलेच काही समविचारी गोळा केले आणि २५ ऑगस्ट १९०२ रोजी अल्फा ओमेगा अल्फा ही मानसंस्था स्थापन केली. दुःखितांची सेवा करण्यास पात्र व्हावे अशा आशयाच्या तीन ग्रीक शब्दांची आद्याक्षरे म्हणजे तिचे नाव. विद्यार्थ्यांनीच विद्यार्थ्यांना निवडायचे, आणि निवडताना गुणांबरोबर शील आणि व्यवसायाबद्दलची जबाबदारीची जाणीव पाहायची, अशी मूळ कल्पना होती. रूट १९३२ मध्ये वारला, तोपर्यंत या संस्थेचा कारभार त्याच्याच हाती राहिला.

संस्थेचे चिन्ह म्हणजे एक छोटी सोन्याची किल्ली. अमेरिकी विद्यापीठांतल्या मानसंस्था सदस्यांना घड्याळाच्या साखळीला लावायची किल्ली देत, त्याच रिवाजातली. पण वैद्यकीय विद्यार्थ्यांनी तिला आकार दिला तो छातीच्या मधल्या हाडाच्या वरच्या तुकड्याचा, मॅनुब्रियमचा. पहिल्या वर्षाचे विच्छेदन केलेल्या कोणालाही हे हाड डोळे मिटून बोटांनी ओळखता येते. वर रुंद, खाली निमुळते, दोन्ही बाजूंना कॉलर बोनसाठी खाचा. वैद्यकीय विद्यार्थ्यांना शोभेल असेच हे चिन्ह होते, यात शंका नाही. मात्र ज्या गोष्टीसाठी ही किल्ली घडवली गेली ती पुढच्या पन्नास वर्षांत हळूहळू मागे पडत गेली.

त्याला कारणेही तशीच होती. १९१० मध्ये एब्रहॅम फ्लेक्सनर यांनी अमेरिका आणि कॅनडातल्या १५५ वैद्यकीय शाळांची पाहणी करून अहवाल दिला आणि मालकीच्या शाळांचा बाजार उठला. प्रयोगशाळा आल्या, प्रवेशाच्या अटी आल्या. दांडगे वर्ग आपोआप निवळले. म्हणजे रूटचा मूळ शत्रूच मैदानातून गेला. उरली ती चांगला विद्यार्थी ओळखण्याची गरज, आणि चांगला विद्यार्थी ओळखण्याची सर्वांत सोयीची खूण म्हणजे गुण. पुढे १९५२ पासून पदवीनंतरच्या प्रशिक्षणाच्या जागा देशभराच्या एकत्रित जुळणीतून भरल्या जाऊ लागल्या, तशी अर्जातल्या प्रत्येक मानाची किंमत वाढली. वर्गाच्या वरच्या चतुर्थांशात असाल तरच अल्फा ओमेगा अल्फासाठी तुमचा विचार होणार, अशी व्यवस्था रूढ झाली. शील पाहायचे ते त्या चतुर्थांशाच्या आत. तिसाव्या क्रमांकावरचा विद्यार्थी वर्गाचा खरा आधार असला तरी या दारातून आत येऊ शकत नव्हता.

दरम्यान, वर्गाच्या आत नेमके काय चालते याकडे समाजशास्त्रज्ञांचे लक्ष गेले होते. हॉवर्ड बेकर, ब्लांच गीर, एव्हरेट ह्यूज आणि अ‍ॅन्सेल्म स्ट्रॉस या चौघांनी कॅन्सस विद्यापीठाच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांबरोबर वावरून अभ्यास केला. १९६१ मध्ये तो 'बॉइज इन व्हाइट' या नावाने ग्रंथरूपात आला. विच्छेदन-कक्षात, वॉर्डात, खाण्याच्या टेबलावर ही मंडळी विद्यार्थ्यांच्या सोबत असत. त्यांनी पाहिले ते असे. नवा विद्यार्थी येतो तो सगळे शिकायचे या हट्टाने. काही आठवड्यांत कळते की सगळे शिकणे माणसाच्या हातात नाही. मग काय वाचायचे, काय सोडायचे, कोणत्या सरांना काय लागते, हे वर्ग मिळून ठरवतो. या ठरवण्यातून प्रत्येकावरचा ताण थोडा थोडा कमी होतो. म्हणजे वर्ग ही नुसती एकमेकांशी चढाओढ करणाऱ्यांची गर्दी नव्हती. तिच्यात एक अलिखित व्यवस्था होती, आणि ती व्यवस्था काही ठरावीक माणसांच्या खांद्यावर चालायची.

ती माणसे शोधायची युक्ती वैद्यकाबाहेर आधीच सापडली होती. जेकब मोरेनो या मानसोपचारतज्ज्ञाने १९३० च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातल्या हडसनच्या मुलींच्या सुधारगृहात एक साधा प्रश्न विचारला होता : तुला कोणाबरोबर राहायला आवडेल? उत्तरांचे बाण कागदावर काढले की कोणाकडे सर्वांचे बाण वळतात आणि कोण एकटे पडले आहे हे एका नजरेत दिसे. या पद्धतीला समाजमिती म्हणतात, आणि १९३४ मध्ये त्याने तिच्यावर पुस्तक लिहिले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी मरीन कोअरच्या उमेदवार अधिकाऱ्यांना हाच प्रश्न वेगळ्या रूपात विचारला गेला. युद्धानंतर, १९४७ मध्ये, विल्यम्स आणि लेव्हिट यांनी दाखवले की पुढे कोण चांगला नेता निघेल याचा अंदाज बरोबरीच्या उमेदवारांच्या मतांवरून चांगला बांधता येतो. १९५७ मध्ये अल्बर्ट कुबनी याने हीच पद्धत वैद्यकीय विद्यार्थ्यांवर वापरून पाहिली आणि तिच्यावर निबंध लिहिला. पुढे दीर्घकाळ तो निबंध बहुतांशी संशोधकांच्याच वाचनात राहिला. वर्गाला विचारावे ही कल्पना तयार होती. महाविद्यालयांना ती वापरण्याची निकड अजून भासलेली नव्हती.

निकड आली ती आजाराच्या वाटेने. १९७० च्या दशकात डॉक्टरांमधल्या व्यसनांबद्दल आणि आत्महत्यांबद्दल अमेरिकी वैद्यकीय संघटना उघडपणे बोलू लागल्या. विद्यार्थीही त्यातून सुटलेले नव्हते. व्यसनात अडकलेला विद्यार्थी डीनच्या कचेरीत जाईल ही अपेक्षाच भाबडी होती. तिथे गेले की नोंद होणार, नोंद झाली की परवाना धोक्यात, ही भीती खरी होती. मेम्फिसमधल्या टेनेसी विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाने १९८० च्या दशकात अशा विद्यार्थ्यांसाठी एक मदतयोजना सुरू केली आणि तिच्या मंडळात प्राध्यापकांबरोबर विद्यार्थीही घेतले. हे विद्यार्थी त्यांच्या वर्गाने निवडून दिलेले असत. एखादा सहाध्यायी घसरतो आहे असे दिसले की मंडळाकडे निरोप द्यायचा. मंडळ गुप्तपणे खातरजमा करून त्याला उपचाराला पाठवायचे, आणि तो परतला की शिक्षण पुढे सुरू. या योजनेत कोणाला पदक नव्हते, प्रमाणपत्र नव्हते. वर्गाने मत देऊन 'आमच्या अडचणीच्या वेळी हा चालेल' असे सांगणे हाच मान होता. सहाध्यायाला आधार देणाऱ्याचा पहिला खरा गौरव कोठे झाला असे विचारले तर शिकागोच्या सोन्याच्या किल्लीपेक्षा मेम्फिसमधल्या या मतपत्रिकेकडे बोट दाखवणे जास्त न्यायाचे ठरेल.

मानाचा समारंभ मात्र न्यूयॉर्कमधून आला. कोलंबिया विद्यापीठातले बालमेंदूविकारतज्ज्ञ डॉ. आर्नोल्ड गोल्ड यांना दिसत होते की विद्यार्थी यंत्रांच्या आणि अहवालांच्या मागे जाताना रुग्णाच्या खाटेपासून दूर चालले आहेत. पत्नी सँड्रा यांच्यासह त्यांनी १९८८ मध्ये एक प्रतिष्ठान सुरू केले. आज भारतातल्या अनेक महाविद्यालयांतही पहिल्या वर्षाच्या मुलांना समारंभाने पांढरा कोट चढवतात. ती रीत याच प्रतिष्ठानाने १९९३ मध्ये कोलंबियात सुरू केली. त्याआधी डॉक्टरी शपथ पदवीच्या दिवशी, सगळे शिकून झाल्यावर घेत. गोल्ड यांचे म्हणणे साधे होते : माणुसकीची शपथ शिक्षणाच्या शेवटी घेण्यात काय अर्थ, ती पहिल्या दिवशी घ्यावी.

२००२ मध्ये याच प्रतिष्ठानाने गोल्ड ह्यूमनिझम ऑनर सोसायटी स्थापन केली आणि कुबनीची युक्ती प्रथमच सबंध देशात कामाला लागली. तिचे सदस्य निवडायला गुणपत्रिका पुरत नाही. शेवटच्या वर्षाच्या उंबरठ्यावर सर्व वर्गाला एक प्रश्नावली दिली जाते. आणीबाणीच्या प्रसंगी तुझ्या शेजारी कोण असावे? तुझ्या घरच्या माणसावर उपचार करायला तू कोणावर विश्वास टाकशील? मन लावून ऐकून कोण घेते? प्रत्येक प्रश्नापुढे नावे लिहायची. विद्यार्थी घाईघाईने वही बंद करून निघणारा असला तरी या पानावर थबकतो, कारण इथे हुशारी विचारलेली नसते, रात्री दोन वाजता कोणाला फोन करावासा वाटला ते विचारलेले असते. ज्यांची नावे पुन्हा पुन्हा येतात त्यांच्यातून निवड होते. वर्गातल्या साधारण सहा-सात जणांमागे एकाला हा मान मिळतो आणि कोटाच्या कॉलरवर छोटीशी पिन लागते. पुढच्या वीस वर्षांत दीडशेहून अधिक महाविद्यालयांत या संस्थेच्या शाखा निघाल्या.

असल्या मतदानात लोकप्रिय मुलेच निवडून येणार, असा आक्षेप साहजिकच निघाला. फ्लोरिडा विद्यापीठातले वेन मॅककॉर्मॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन महाविद्यालयांत ही पद्धत तपासून २००७ मध्ये निष्कर्ष छापले. वर्ग रुग्णोपचारातले कौशल्य आणि आस्था या दोन गोष्टी वेगवेगळ्या ओळखतो, आणि दोहोंत ठळक उठून दिसणारी मोजकी माणसे या पद्धतीने हाती लागतात, असे त्यांना आढळले. आक्षेप पूर्ण मिटला असे म्हणता येत नाही. अबोल पण भरवशाचा माणूस मोठ्या वर्गात झाकला जाऊ शकतो. तरीही ज्या गोष्टीची कसलीच मोजदाद नव्हती तिला पहिल्यांदा एक माप मिळाले होते.

याच सुमारास दुसरी मोजदादही सुरू झाली होती आणि तिचे आकडे वाचून डीन लोकांची झोप उडाली असली तर नवल नाही. मेयो क्लिनिकच्या डॉ. लिझलॉट डर्बी आणि सहकाऱ्यांनी सात महाविद्यालयांतल्या ४,२८७ विद्यार्थ्यांच्या पाहणीवरून २००८ मध्ये लिहिले की जवळपास निम्मे विद्यार्थी पार थकून, कोमेजून गेलेले आहेत, आणि गेल्या वर्षभरात जीव द्यावासा वाटला असे सांगणारे ११.२ टक्के आहेत. २०१६ मध्ये जगभरातल्या ४७ देशांतल्या अभ्यासांची एकत्र मांडणी प्रसिद्ध झाली. नैराश्य किंवा त्याची लक्षणे असलेले विद्यार्थी तिच्यात २७.२ टक्के होते. त्यातला सर्वांत बोलका आकडा वेगळाच आहे. ज्यांच्यात नैराश्याची लक्षणे दिसली त्यांच्यापैकी उपचार घेणारे फक्त १५.७ टक्के होते. म्हणजे राहिलेल्यांचे दुःख डॉक्टरांपर्यंत पोहोचत नव्हते. ते कोणाला कळत असलेच तर शेजारच्या खाटेवरच्या रूममेटला.

आतापर्यंत सहाध्यायांचा आधार हा चांगुलपणाचा भाग होता. या आकड्यांनंतर तो महाविद्यालयाच्या व्यवस्थेचा भाग होऊ लागला. व्हँडरबिल्टसारख्या विद्यापीठांनी वर्गाचे लहान गट पाडून वरच्या वर्गाच्या मुलांना खालच्यांशी जोडले आणि विद्यार्थ्यांच्या स्वास्थ्याचे कार्यक्रम विद्यार्थ्यांवरच सोपवले. अनेक ठिकाणी निवडक विद्यार्थ्यांना रीतसर प्रशिक्षण मिळू लागले : ऐकायचे कसे, सल्ला द्यायची घाई का करायची नाही, कोणत्या क्षणी आपण बाजूला होऊन तज्ज्ञाला बोलवायचे. पदवीदानाच्या कार्यक्रमपत्रिकेत, शरीररचनाशास्त्राच्या पदकाच्या चार ओळी खाली, सहाध्यायांच्या स्वास्थ्यासाठी झटणाऱ्या विद्यार्थ्याचे पारितोषिक असाही एक उल्लेख दिसू लागला.

आणि मग पूर्वी झाले तेच पुन्हा व्हायला लागले. निवासी जागेसाठीच्या केंद्रीय अर्जात अल्फा ओमेगा अल्फाप्रमाणे गोल्ड सोसायटीचे सदस्यत्व नोंदवायलाही खास जागा आहे. म्हणजे माणुसकीचा मानही अर्जातल्या वजनात धरला जाऊ लागला. जुन्या मानाची झडतीही याच काळात झाली. येलच्या निवासी कार्यक्रमांसाठी अर्ज केलेल्या ४,६५५ विद्यार्थ्यांच्या माहितीवरून २०१७ मध्ये दाखवले गेले की परीक्षेचे गुण, संशोधन, सेवाकार्य हे सगळे जमेस धरूनही कृष्णवर्णीय विद्यार्थी अल्फा ओमेगा अल्फात निवडला जाण्याची शक्यता श्वेतवर्णीयाच्या जेमतेम एक-षष्ठांश होती, आणि आशियाई वंशाच्या विद्यार्थ्याची निम्मी. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय येथील महाविद्यालयाने २०१८ मध्ये आपल्याकडची निवड थांबवली. २०२२ च्या जानेवारीपासून अमेरिकी परवाना-परीक्षेच्या पहिल्या टप्प्याचे गुणच जाहीर होईनासे झाले, उत्तीर्ण की अनुत्तीर्ण एवढेच. गुणांचा एक मोठा आकडा अर्जातून गेला की बाकीच्या मानांवर दडपण येणार हे उघड होते. ज्या विद्यार्थ्याला मित्राच्या खोलीचे दार ठोठावताना आपण काही मिळवतो आहोत असे वाटलेही नव्हते, त्याच्या त्या ठोठावण्याची नोंद आता एका रकान्यात बसते.

महाराष्ट्रात ही गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झाले आणि १८५१ मध्ये आठ जणांची पहिली तुकडी पदवीधर झाली. भाऊ दाजी लाड आणि पुढे प्रार्थना समाज स्थापणारे आत्माराम पांडुरंग हे त्यातलेच. ब्रिटिश धाटणीची सुवर्णपदके आणि शिष्यवृत्त्या पहिल्यापासून होत्या, आणि पदवीदानाच्या दिवशी कोणाच्या गळ्यात किती पदके पडली हे मोजायची सवयही त्यांच्याबरोबर रुजली. वसतिगृहात मात्र दुसरीच शाळा चालायची. तिथे सीनियर हा एकाच वेळी आधार आणि दहशत असे. हाडांचा संच, जुन्या नोट्स, कोणत्या सरांची व्हायवा कशी असते याची टीप, सारे सीनियरकडून मिळे, आणि त्याच हातून रॅगिंगही होई. महाराष्ट्राने १९९९ मध्ये रॅगिंगविरोधी कायदा केला. २००९ मध्ये हिमाचल प्रदेशातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याचा रॅगिंगमध्ये मृत्यू झाल्यानंतर देशपातळीवर कडक नियम आले. धाकात थोडा फरक पडला. पण सीनियर आणि ज्युनियर यांच्यामधला जो रस्ता वाईटाबरोबर चांगल्याचीही ने-आण करत होता, त्यावर आता दोन्ही बाजूंनी बिचकून चालणे आले.

तो रस्ता नव्याने बांधायचे प्रयत्न मग सुरू झाले. दिल्लीच्या युनिव्हर्सिटी कॉलेज ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये पहिल्या वर्षाच्या मुलांना प्राध्यापक-पालकाबरोबर वरच्या वर्गातला स्वयंसेवक सोबतीही देऊन पाहिला गेला. त्या अनुभवावरचा निबंध २०१४ मध्ये आला. २०१९ पासून एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात सुरुवातीलाच पायाभूत अभ्यासवर्ग आला, वृत्ती, नीती आणि संवाद यांचे धडे आले. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने २५,५९० पदवी आणि ५,३३७ पदव्युत्तर विद्यार्थ्यांची उत्तरे गोळा करून अहवाल दिला. आपल्याला मानसिक आजार आहे असे सांगणारे पदवी विद्यार्थी २७.८ टक्के निघाले. पदव्युत्तरांमध्ये हा आकडा १५.३ टक्के होता, पण जीव देण्याचा विचार मनात आलेले ३१.२ टक्के होते. दलाने सहाध्यायांच्या आधाराची व्यवस्था सुचवली आणि त्याच अहवालात निवासी डॉक्टरांकडून आठवड्याला ७४ तासांपेक्षा जास्त काम घेऊ नये असेही सांगितले. या दोन सूचना एकत्र वाचायला हव्यात. सलग छत्तीस तास ड्युटी करून खोलीवर आलेल्या निवासी डॉक्टरला शेजारच्या खाटेवरचा मित्र गप्प का आहे हे विचारायला आधी डोळे उघडे ठेवता यायला हवेत.

महाराष्ट्रात सहाध्यायांच्या काळजीने सर्वांत ठळक रूप घेतले ते समारंभाचे नाही, संघटनेचे. मार्ड ही निवासी डॉक्टरांची संघटना लोकांना संपामुळे ठाऊक असते आणि रुग्णांचे हाल म्हणून तिच्यावर टीकाही होते. पण तिच्या मागण्यांच्या याद्या वाचल्या तर विद्यावेतनाच्या आकड्याशेजारी दुसऱ्याच गोष्टी सापडतात. वॉर्डातल्या रुग्णांकडून क्षयरोग झालेल्या सहकाऱ्याला पगारी रजा मिळावी, बाळंतपणाची रजा मिळावी, एका खोलीत किती जणांनी राहायचे याला काही मर्यादा असावी. जानेवारी २०२३ च्या राज्यव्यापी संपातही वसतिगृहांची दुरवस्था हा मुख्य मुद्द्यांपैकी एक होता. या याद्या तयार करणारे, मंत्रालयात खेटे घालणारे, रात्रीची ड्युटी करून सकाळी वाटाघाटीला बसणारे तिसऱ्या वर्षाचे निवासी डॉक्टर स्वतः काही महिन्यांत परीक्षा देऊन बाहेर पडणार असतात. त्यांनी मिळवलेली रजा बहुधा पुढच्या बॅचच्या वाट्याला येते.